सुती धाग्याचा फिटिंगचा टॉप, दोन सुयांवर

लोकर चुका पोटात घालते. एखादी ओळ सैल पडली, घेर दोन सेंटिमीटर कमी भरला, तरी स्वेटर घालताना ताणला जातो आणि काढला की जागेवर येतो. सुती धाग्याकडून ही अपेक्षा ठेवू नका. लोकरीचा तंतू त्याच्या लांबीच्या पाव हिश्श्याइतका ताणला तरी तग धरतो. कापसाचा तंतू साधारण दहा टक्के ताणायच्या आतच तुटतो. त्यात कापूस लोकरीहून वजनदार. त्यामुळे सुती टॉप खांद्यांना लटकून राहतो, दिवसभरात स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, आणि कमरेत घेतलेला भाग कमरेच्या खाली जाऊन बसतो. मग लोक म्हणतात, सुती विणकामाला फिटिंगच येत नाही. येतं. फक्त ते सगळं टाके घालायच्या आधी, नमुन्याच्या तुकड्यावर आणि वहीत उरकावं लागतं.

इथे देतेय तो टॉप बिनबाह्यांचा, गोल गळ्याचा आणि कमरेत घेतलेला आहे. मापं माझ्या भाचीची आहेत: छाती ९२ सें.मी., कंबर ७६, आणि टॉपची कड जिथे येते तिथला घेर ८८. "मावशी, पोत्यासारखा नको," एवढीच तिची अट होती. तुमची मापं वेगळी असतील, म्हणून प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगत जाते. आकडे उतरवून घेण्यापेक्षा हिशेब समजून घ्या.

धागा

फिटिंगच्या टॉपला मी मर्सराइज्ड सुती धागाच घेते. कापूस ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढला की तंतू फुगून गोल होतो, चकाकतो, रंग जास्त धरतो आणि मजबूत होतो. इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी १८५० साली या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, नाव त्यांचंच. ताणून धरल्याशिवाय चकाकी येत नाही, हे मात्र हॉरेस लो यांनी १८९० च्या सुमाराला दाखवून दिलं. विणणारीच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की हा धागा गुळगुळीत असतो, त्याला फारसा बूर येत नाही आणि धुण्यांनंतरही टाके स्वच्छ दिसतात. साधा, मर्सराइज न केलेला सुती धागा हाताला मऊ लागतो. पण तो लवकर फुलतो आणि सैल पडतो. सैलसर, ढगळ कपड्याला तो छान.

बांबूच्या धाग्याची भुरळ पडू देऊ नका. रेशमासारखा लोंबतो म्हणून तो शालीला शोभतो, पण अंगालगतच्या टॉपला हे लोंबणंच नको असतं. कापसात थोडं इलॅस्टिक मिसळलेला धागा मिळाला तर काम सोपं होतं, फक्त विणताना तो ओढून धरायचा नाही.

धागा घेताना एक परीक्षा करा. टोक दोन बोटांत धरून पिळाच्या उलट दिशेने थोडं फिरवा. पदर लगेच सुटे होऊन पसरले, तर विणताना सुईचं टोक सारखं धाग्यात घुसणार आणि अर्धवट उचललेले टाके मागे लोंबत राहणार. घट्ट पिळाचे, चार किंवा जास्त पदरांचे धागे बरे. एकपदरी धागा तर नकोच. त्याचा पीळ एकाच दिशेला असतो, त्यामुळे कापड तिरकं होत जातं आणि बाजूची शिवण धुतल्यावर पोटावर येते.

जाडी मध्यम घ्या, ५० ग्रॅमच्या गुंडीत ११० मीटरच्या आसपास भरेल अशी. सगळ्या गुंड्यांचा लॉट नंबर एकच आहे ना, ते पाहून घ्या. सुती रंगात लॉटचा फरक लोकरीपेक्षा ठळक दिसतो, आणि तो नेमका छातीवर आडवा उमटतो.

सुया माझ्या ३.७५ मि.मी. अंगाला आणि ३ मि.मी. बॉर्डरला. जुन्या ब्रिटिश नंबरांत ह्या अनुक्रमे ९ आणि ११ नंबरच्या. नंबरावर भिस्त ठेवू नका, मि.मी. बघा. ब्रिटिश मापात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकन मापात जाड. ८ नंबरची ब्रिटिश सुई ४ मि.मी.ची आणि अमेरिकन ८ नंबर ५ मि.मी.ची. चकचकीत धागा धातूच्या सुईवर फार निसटतो, त्याला बांबूची किंवा लाकडी सुई लावा. साधा सुती धागा लाकडावर अडतो, तो धातूवर चालतो. आणि भाग सपाट विणायचे असले तरी सुई गोल, केबलची घ्या. विणून झालेल्या कापडाचं वजन केबलवरून मांडीवर उतरतं, मनगटावर येत नाही. सुती धागा बोटांना दाद देत नाही, त्यामुळे लोकरीच्या सवयीने सलग बसलात तर अंगठ्याचा सांधा धरतो. मध्ये मध्ये उठा.

नमुन्याचा तुकडा

इथे कुणीही घाई करू नये, आणि सगळे नेमके इथेच करतात. चार बोटं रुंदीचा तुकडा विणून, सुईवर असतानाच मोजपट्टी लावून मोकळं व्हायचं! लोकरीत ते एक वेळ निभतं.

४० टाके घाला आणि ६० ओळी विणा, एक ओळ सुलट आणि एक उलट. चौफेर कडेला तीन-चार टाके दोन्ही बाजूंनी सुलट ठेवले की तुकडा गुंडाळला जात नाही. टाके बंद करा. मग टॉप पुढे जसा धुणार तसाच हा तुकडा धुवा. मशीनमध्ये टाकणार असाल तर मशीनमध्ये, हाताने धुणार असाल तर हाताने. पहिल्या धुण्यात सुती विणकाम लांबीत आखडतं, गरम पाण्यात आणि ड्रायरमध्ये तर चांगलंच. हे आखडणं तुकड्यात होऊन जाऊ दे.

पूर्ण वाळल्यावर सपाट ठेवून मधल्या भागात मोजा. माझ्या तुकड्यात १० सें.मी.ला २२ टाके आणि ३२ ओळी भरल्या. आता तुकड्याची वरची कड हँगरला दोन चिमट्यांनी अडकवा, खालच्या कडेला पाच-सहा कपड्यांचे चिमटे ओळीने लावा आणि रात्रभर टांगून ठेवा. सकाळी टांगलेल्या अवस्थेतच पुन्हा मोजा. टाके २२ च होते, ओळी मात्र ३२ च्या ३० झाल्या होत्या.

दोन ओळींनी काय होतं, ते बघा. टॉपची लांबी ५२ सें.मी. हवी. सपाट मापाने हिशेब केला तर १६६ ओळी विणाव्या लागतील. अंगावर गेल्यावर त्याच १६६ ओळी ५५ सें.मी. भरतील. तीन सेंटिमीटर लांब टॉप खपून जातो, पण कंबर आणि मुंढाही (बगलेभोवतीचं भोक) त्याच प्रमाणात घसरतो, आणि तिथे फिटिंग संपलं. म्हणून आडवा हिशेब सपाट तुकड्यावरून आणि उभा हिशेब टांगलेल्या तुकड्यावरून करायचा. माझ्यासाठी एका सेंटिमीटरला २.२ टाके आणि ३ ओळी.

फेकून देण्याआधी (मी देत नाही, धाग्याच्या लेबलसकट वहीत टाचून ठेवते) तुकड्याचं वजन करा. धागा किती लागेल हे त्यावरून कळतं. माझा तुकडा साधारण ३४० चौरस सें.मी.चा आणि वजन २१ ग्रॅम, म्हणजे १०० चौरस सें.मी.ला सहा ग्रॅमहून थोडं जास्त. हा टॉप पाठ-पुढा मिळून ३८०० चौरस सें.मी.च्या आसपास होतो. त्याला २३५ ग्रॅम, वर बॉर्डर आणि शिवणी. मी ३०० ग्रॅम घेतला.

तुकडा उजेडाकडे धरून त्यातून हात किती दिसतो तेही पाहा. जास्त दिसला तर सुई पाव मि.मी.ने बारीक करून नवा तुकडा. आणखी एक गोष्ट: सुलट बाजूला दर दोन ओळींनी आडव्या पन्हळी दिसतायत का? दिसत असतील तर तुमची उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल पडतेय. लोकरीत हे झाकलं जातं, सुती धाग्यात चव्हाट्यावर येतं. गोल सुईच्या एका बाजूला एक नंबर बारीक टोक लावा आणि उलट ओळ नेहमी त्याने विणा. अदलाबदलीची टोकं नसतील तर दोन वेगळ्या सुया वापरल्या तरी चालतं.

मापं

अंगाच्या मापातून किती वजा आणि किती अधिक, हा फिटिंगचा गाभा. लोकरीच्या अंगालगतच्या कपड्यात छातीला आठ-दहा सें.मी. कमी धरले तरी कापड ताणून बसतं. सुती टॉपला मी तीन ते पाच सें.मी.च कमी धरते. त्याहून आवळलं तर टाके ताणून जाळी दिसते आणि टॉप वर चढत राहतो. कमरेला उलट चार सें.मी. जास्त ठेवते, कमरेत घेतलाय असं दिसायला छाती आणि कमरेतला फरक पुरतो, कंबर आवळायची गरज नसते. खालची कड अंगाच्या मापाइतकीच.

छाती: ९२ वजा साधारण ४.५, म्हणजे ८७.५, एका भागाला ४३.७ सें.मी. गुणिले २.२ म्हणजे ९६ टाके, अधिक शिवणीत जाणारे दोन, म्हणजे ९८. कंबर: ७६ अधिक ४, म्हणजे ८०, एका भागाला ४० सें.मी., ८८ टाके अधिक दोन, म्हणजे ९०. खालची कड ८८, म्हणजे पुन्हा ९८. ९८ वरून ९० वर उतरायचं आणि परत ९८ वर यायचं. एका कमी करायच्या ओळीत दोन टाके जातात, तेव्हा चार वेळा कमी आणि चार वेळा वाढ.

उभी मापं घेताना कमरेला दोरी बांधा आणि बगल, कंबर, कड ही अंतरं दोरीपासून मोजा. भाचीची कड ते कंबर १४ आणि कंबर ते बगल १८ सें.मी. मुंढा १९ सें.मी. आणि वर एक सें.मी. खांद्याचा उतार.

पाठ

हे भाग मी सपाट विणून बाजूला शिवते. भाची गोल सुईवर सलग विणणारी आहे आणि शिवणीच्या नावाने नाक मुरडते. लोकरीत खुशाल विणावं. सुती टॉपला मात्र बाजूच्या शिवणी वजन धरून ठेवतात आणि कापड फिरू देत नाहीत. या बाबतीत मी मागे हटत नाही.

३ मि.मी.च्या सुईवर ९८ टाके घाला. एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर १४ ओळी, म्हणजे ४ सें.मी. साधी बॉर्डर सुती धाग्यात आवळून बसत नाही, पहिल्याच दिवशी पसरते. म्हणून सुलट बाजूच्या ओळीत प्रत्येक सुलट टाका मागच्या बाजूने (सुई टाक्याच्या मागच्या पायात घालून) विणा, आणि परतीच्या ओळीत तोच टाका मागच्या बाजूनेच उलट. टाक्याला पीळ बसतो आणि बॉर्डर पुष्कळ काळ ताठ राहते.

आता ३.७५ ची सुई घ्या आणि ओळींची मोजणी एकपासून सुरू करा. सहा ओळी साध्या. ७ व्या, १३ व्या, १९ व्या आणि २५ व्या ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका कमी. कडेपासून दोन टाके सोडून कमी करा म्हणजे शिवायला कड सरळ मिळते: सुरुवातीला २ सुलट, पुढचे दोन टाके एकेक करून सुलटीच्या दिशेने उजव्या सुईवर सरकवा, डावी सुई त्यांच्यात पुढून घालून दोन्ही एकत्र मागून विणा. शेवटी चार टाके उरले की दोन एकत्र सुलट, २ सुलट. दोन्ही बाजूंचे टाके कमरेकडे झुकलेले दिसतात. सुती धाग्यात ही रेघ इतकी स्वच्छ उठते की तिला लपवू नये.

३४ व्या ओळीपर्यंत ९० टाक्यांवर सरळ. हीच कंबर. मग ३५, ४५, ५५ आणि ६५ व्या ओळीत कडेपासून दोन टाके सोडून एकेक टाका वाढवा. दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून मागच्या बाजूने विणला की भोक पडत नाही. ९८ टाके झाले. ८४ व्या ओळीपर्यंत सरळ. छातीचा सगळ्यात रुंद भाग बगलेच्या थोडा खाली येतो, म्हणून वाढ मुंढ्याच्या सहा सें.मी. आधीच संपवली आहे. मुंढ्यापर्यंत वाढवत नेलं तर छातीला कमी पडतं आणि बगलेत गोळा होतं.

नवी गुंडी जोडायची तर फक्त कडेला. ओळीच्या मध्ये मारलेली गाठ सुती कापडात पुढे येऊन बसतेच.

मुंढा: ८५ आणि ८६ व्या ओळीच्या सुरुवातीला ५-५ टाके बंद, ८७ आणि ८८ ला ३-३, पुढच्या चार ओळींना २-२. मग ९३, ९५ आणि ९७ व्या ओळीत दोन्ही कडांना एकेक कमी. एका बाजूचे १५ गेले, ६८ उरले, म्हणजे ३१ सें.मी. पाठीच्या मापाला हे अरुंद वाटेल, पण मुंढ्याची बॉर्डर दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर भरून काढते. बिनबाह्यांचा टॉप खांद्याच्या हाडाच्या आतच संपलेला बरा. बाहेर गेला की कड पंखासारखी उभी राहते.

१३६ व्या ओळीपर्यंत सरळ. १३७ व्या ओळीत १८ विणा, मधले ३२ बंद, १८ विणा. आता एकेक खांदा वेगळा: गळ्याच्या कडेला दोनदा २-२ टाके बंद केले की १४ राहतात. १४२ व्या ओळीनंतर ते मुंढ्याच्या कडेने ७ आणि ७ असे दोन टप्प्यांत बंद करा, उतार मिळतो. टाके सुईवर जिवंत ठेवून जोडण्याची पद्धत दिसायला सुंदर आहे, पण अडीचशे ग्रॅमचं ओझं खांद्यावर असताना मला बंद केलेली, घट्ट कड हवी असते.

पुढचा भाग

१०० व्या ओळीपर्यंत पाठीसारखाच. १०१ व्या ओळीत २६ विणा, मधले १६ बंद, २६ विणा. प्रत्येक बाजूला गळ्याकडे एक ओळ सोडून एक अशा क्रमाने ४, ३, २ टाके बंद. मग दर चौथ्या ओळीला एकेक, तीनदा. १४ उरले की १४२ पर्यंत सरळ आणि खांदा पाठीसारखा. गळा १४ सें.मी. खोल होतो. तुमच्या मनात आहे त्यापेक्षा दोन सें.मी. उथळच ठेवा, तो घातल्यावर उतरणार आहे.

छाती भरलेली असेल तर एवढ्यावर भागत नाही. खांद्यापासून कमरेच्या दोरीपर्यंत पुढून छातीवरून आणि मागून पाठीवरून मोजा. पुढचं माप अडीच-तीन सें.मी.ने जास्त असेल तर पुढचा भाग कडेला वर उचलला जातो आणि बगलेतून तिरकी घडी पडते. घेर वाढवून ती जात नाही. मध्ये लांबी घालावी लागते, आणि ती अर्ध्या ओळींनी घालतात. ७० ओळी झाल्या की सुलट बाजूने शेवटचे ६ टाके सोडून विणा, उलटा फिरा, परत येताना शेवटचे ६ सोडा, फिरा. पुढच्या फेरीला दोन्हीकडे १२, मग १८, मग २४ टाके सोडून. मध्ये ८ जादा ओळी, म्हणजे सुमारे पावणेतीन सें.मी. भरल्या, कडेच्या ओळी तेवढ्याच राहिल्या, त्यामुळे शिवण पाठीशी बरोबर जुळते.

फिरण्याच्या जागी सुती धाग्यात भोक हमखास दिसतं. ते टाळायला फिरल्यावर धागा पुढे आणा, पहिला टाका उलटीच्या दिशेने सरकवा आणि धागा सुईवरून मागे जोरात ओढा. टाक्याचे दोन पाय सुईवर आलेले दिसतील. पुढची ओळ उलट असेल तर धागा सुईखालून पुन्हा पुढे घ्या आणि विणत जा. नंतर पूर्ण ओळ विणताना ते दोन पाय एकच टाका समजून एकत्र विणा. ओढताना हात आखडता घेऊ नका, पाय सैल राहिले की भोक राहिलं.

जोडणी आणि बॉर्डर

शिवायच्या आधी दोन्ही भाग ओले करून, टॉवेलमध्ये दाबून, मापावर पसरून वाळवा. कापसाला वाफ चालते, तेव्हा उलट बाजूने इस्त्रीची वाफ दिली तरी हरकत नाही. इस्त्री दाबू मात्र नका.

खांदे आधी, उलट बाजूने, मागे टाका घालत. मग आतल्या बाजूने एका खांद्याच्या टोकापासून मागच्या गळ्यावरून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंत क्रोशाच्या सुईने साखळीची एक घट्ट ओळ घ्या. बाहेरून ती दिसत नाही, पण सुती टॉपचे खांदे ओघळतात ते इथून, आणि ते हिने थांबतात. बाजू सुलट बाजूने शिवा: कडेच्या टाक्याच्या आतल्या आडव्या धाग्यांत इकडून एक, तिकडून एक. शिवायचा धागा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, सारखा घासून तो फुलतो.

बॉर्डरला ३ मि.मी.ची गोल सुई. बंद केलेल्या टाक्यांवर टाक्याला टाका उचला, उभ्या कडेला तीन ओळींना दोन. लोकरीत चाराला तीन उचलतात. सुती बॉर्डरला त्याहून थोडे कमी घेतले की ती कड आत ओढून धरते. मुंढ्याला मला ९० टाके आले, गळ्याला १२०. पीळ दिलेली एक सुलट एक उलट, चार ओळी, आणि नेहमीच्या हाताने टाके बंद. सैल बंद करण्याचा सल्ला इथे ऐकू नका. गळा डोक्यातून सहज जाईल एवढा मोठा आहे.

टोकं लपवण्याआधी टॉप घाला, हात वर करा, वाका, अर्धा तास घरात वावरा. बगलेच्या पुढे मुंढा फाकत असेल तर बॉर्डर उसवून त्या वळणावर चार टाके कमी उचला. समाधान झालं की मगच टोकं. चकचकीत धाग्याची टोकं बाहेर डोकावतात, म्हणून पदर दोन भागांत सुटे करून दोन वेगळ्या दिशांना, शक्यतो शिवणीच्या आतून फिरवा.

धुणं

ओला सुती टॉप कधीही दोरीवर टांगू नका. पाण्याने त्याचं वजन दुपटीच्या वर जातं. पिळायचाही नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आडवा पसरा, हाताने लांबी आखडून रुंदीला सरळ करा. कपाटातही घडी घालूनच. दिवसभर वापरून उतरलेला टॉप धुतल्यावर बराचसा मापावर येतो, तेव्हा एका दिवसात सैल वाटला म्हणून उसवायला बसू नका.

चार-पाच धुण्यांनंतरही लांबी नकोशी वाटली तर संपूर्ण टॉप मोडायची गरज नाही. बाजूच्या शिवणी खालून वीतभर उसवा. मागे-पुढे बॉर्डरच्या वर, कमी करण्याच्या पहिल्या ओळीच्या खाली, एक टाका कापा आणि ती एक ओळ सुईच्या टोकाने काढत जा. बॉर्डर सुटून हातात येईल आणि वरचे टाके मोकळे होतील. ते ३ मि.मी.च्या सुईवर उचला. एखादा कमी भरला तर कडेला वाढवून घ्या. त्यावरून खालच्या दिशेने नवी बॉर्डर विणा, जितकी लांबी कमी हवी तितक्या ओळी कमी. सुटलेल्या बॉर्डरचा धागा वाकडातिकडा झालेला असतो. लडी करून ओला करा, टांगून वाळवा, मग तोच वापरता येतो.